संशयिताचे वय कमी करून मिळणेबाबत

विषय : गल्लीच्या फलकावर लावलेल्या संशयित इसमाच्या वर्णनात दुरुस्ती होऊन मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने स्वहस्ते दिलेला अर्ज आणि त्यानंतर त्यानेच पाठवलेली स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदार आणि संशयित इसम हे एकच गृहस्थ आहेत. ही गोष्ट अर्जात नमूद केलेली नाही. पण वाचकांपासून लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

या गृहस्थांना सगळे मेजर म्हणतात. फौजेत ते भांडारातले कारकून. बंदुकीपेक्षा बंदुकांच्या पावत्याच त्यांनी जास्त हाताळल्या. 'मेजर' ही बढती त्यांना सासऱ्यांनी लग्नात दिली, पाहुण्यांना सांगायला बरी पडते म्हणून. पुढे ती काढून घ्यायचं राहून गेलं.

तर मेजरांची बदली झाली. आधी थोडे दिवस नव्या गावच्या तळावर, आणि मग थेट सीमेवर, जिथे कुटुंब नेता येत नाही. तळावरच्या क्वार्टरची यादी इतकी जुनी होती की तिच्यातल्या पहिल्या उमेदवाराची मुलं आता स्वतः भरतीच्या वयाची झाली होती. म्हणजे घर बाहेर शोधणं आलं. बायको नर्स. तिनं त्याच गावच्या इस्पितळात बदली मागून घेतली होती आणि मुलीचं, चिमणीचं, नाव तिथल्या शाळेत घालूनही टाकलं होतं. परतीचे दोर असे तिनं स्वतःच्या हातानं कापले होते.

"अहो, नीट ऐका," ती म्हणाली. "घर लहान चालेल. नळाला पाणी कमी आलं तरी चालेल. पण तुम्ही तिकडे सीमेवर असणार, आणि इथे माझी पाळी सुटेपर्यंत अंधार पडणार. गल्लीतून येताना मागे वळून बघावं लागता कामा नये. असं घर आणा."

"आणतो."

"नुसतं आणतो नको. बघून आणा. मागल्या खेपेसारखं नको."

(मागल्या खेपेला मेजरांनी ठरवलेल्या घराला तीन दारं होती आणि कडी एकालाही नव्हती. भाडं मात्र दारं मोजून लावलं होतं.)

तेव्हा या खेपेला मेजरांनी एक छोटासा निर्णय घेतला. घर बघायला गणवेशात जायचं नाही, आणि घर बघायला आलोय हे कुणाला सांगायचं नाही. तपासणी येणार अशी कुणकुण लागली की भांडारसुद्धा झाडूनपुसून लखलखीत होतं, हा त्यांचा नोकरीभरचा अनुभव. गल्लीला तरी आधी कशाला कळू द्यायचं?

थंडीचे दिवस होते, म्हणून सासऱ्यांचा जुना तपकिरी ओव्हरकोट उसना घेतला. सर्दी झाली होती, म्हणून नाकापर्यंत मफलर गुंडाळला. त्यात नेमके डोळे आले, म्हणून काळा चष्मा लावला. मग आरशात पाहिलं. आपण अगदी चारचौघांसारखे दिसतो, असं त्यांना वाटलं. (आरसा त्यांनी काळ्या चष्म्यातूनच पाहिला होता.)

गल्ली तळापासून चालत जाण्याजोगी होती. तोंडाशीच औषधांचं दुकान.

"डोळ्यांत घालायचे थेंब द्या," मेजर म्हणाले, आणि सहज विचारल्यासारखं करून, "तुमच्या गल्लीत संध्याकाळी दिवे असतात ना हो?"

"असतात. का?"

"सगळे लागतात?"

"दोन-तीन बंद आहेत."

"कुठले?"

औषधवाल्यांनी काढलेली बाटली हातातच धरून ठेवली.

"आणि पोलीस चौकी किती लांब? म्हणजे समजा कुणी बोलावलं, तर त्यांना यायला किती वेळ लागेल?"

"पोलीस हवेत का तुम्हाला?"

"छे छे! मला कशाला? आपलं विचारून ठेवतो."

पुढे एका घराचा वरचा मजला रिकामा दिसला. खाली एक निवृत्त मास्तरीणबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. मेजर फाटकाला टेकले.

"बाई, वर कुणी राहत नाही वाटतं?"

"नाही."

"म्हणजे एवढ्या घरात तुम्ही एकट्याच?"

बाईंनी झारी खाली ठेवली.

"मागच्या दाराला कडी आहे की नुसता खटका? आणि हा कुत्रा... चावतो, की नुसता भुंकतो?"

"सोडून बघू का?" बाईंनी विचारलं.

मेजरांनी मनात शेरा मारला : उत्तर स्पष्ट, कुत्रा सक्षम. मग त्यांनी चार घरांची फाटकं हलवून पाहिली. एका कुंपणाची उंची कळावी म्हणून त्याच्या भिंतीवर चढायचा प्रयत्न केला. चढता आलं नाही, तेव्हा भिंत उत्तम असा निर्णय दिला.

काम चोख करायची सवय, त्यामुळे ते दुसऱ्या संध्याकाळी गेले, तिसऱ्याही गेले. पहिल्या दिवशी एखाददुसरी खिडकी उघडली होती. तिसऱ्या दिवशी ते जसजसे पुढे जात तसतशा दोन्ही अंगांच्या खिडक्या उघडत गेल्या. मेजर हरखून गेले. बायकोला फोन लावला.

"अगं, काय गल्ली आहे! कोण आलं, कोण गेलं, सगळ्यांचं बारीक लक्ष. एक आजोबा तर मला कोपऱ्यापर्यंत पोहोचवायला आले. हातात काठी घेऊन."

"टेकत होते की उगारत होते?"

"तेवढं दिसलं नाही. चष्मा होता ना."

डोळे बरे झाले. कोट पार्सलनं सासऱ्यांकडे परत गेला. मेजर कडक इस्त्रीच्या गणवेशात मास्तरीणबाईंच्या दारात उभे राहिले, आणि पाच मिनिटांत वरचा मजला त्यांना मिळाला. गणवेशातल्या माणसाचा चेहरा कुणी पाहत नाही, बटणं पाहतात.

"बरं झालं बाई, तुम्ही आलात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "फौजी माणूसच हवा होता. एक मेला सारखा फिरतोय हल्ली गल्लीत."

"घाबरू नका," मेजर छाती पुढे काढून म्हणाले, "आता मी आहे."

सामान आलं, बायको आली, चिमणी आली. आणि गल्लीत शिरता शिरताच बायको थबकली. औषधांच्या दुकानाशेजारी नवाकोरा फलक होता :

'सावधान! संशयित इसम. वय सुमारे पन्नास. पोट सुटलेले. चाल बदकासारखी. चेहऱ्यावर विशेष हुशारी दिसत नाही. तपकिरी कोट, काळा चष्मा. दिसताच शिट्टी वाजवावी.'

तिनं तो एकदा वाचला. मग पावतीवरून माल तपासावा तसं नवऱ्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हा तपकिरी कोट..."

"असतात गं तसे बऱ्याच जणांकडे."

"आणि चाल?"

मेजर जागच्या जागी उभे राहिले. (चालण्यात धोका होता.)

वर गेल्यावर खोक्यांच्या ढिगात उभं राहून बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "आत्ताच्या आत्ता खाली जा आणि खरं काय ते सांगा."

"सांगितलं तर घर जाईल. आणि दुसरं शोधायला पुन्हा मलाच जावं लागेल."

बायको मुकाट्यानं भांड्यांचं खोकं उघडू लागली.

त्या रविवारी मास्तरीणबाईंच्या ओट्यावर गल्ली समितीची सभा भरली. औषधवाले समितीचे चिटणीस. फौजी म्हणून मेजरांना एकमतानं सुरक्षा सल्लागार नेमण्यात आलं. घरटी एक शिट्टी वाटली गेली. मग चिटणिसांनी वर्णन खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, आणि मेजरांच्यानं राहवलं नाही.

"वय पन्नास कशावरून?"

"समोर बघितलाय मी. पन्नास कमीच लिहिलंय."

"चष्म्यानं माणूस मोठा दिसतो. चाळिशीच्या आतलाही असेल."

"मेजर, चाळिशीच्या आत असं पोट येत नाही."

बायकोनं चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"बरं, ते बदकाचं तरी काढा. नीटस चाल असेल त्याची. कवायतीची सवय असेल."

"चोर आणि कवायत?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि काय हो, त्या मेल्याचं वय कमी झालं तर तुमच्या पदरात काय पडणार आहे?"

मेजरांनी विषय दिव्यांकडे वळवला.

आणि खरोखरच, समितीनं केलेल्या तक्रारीमुळे गल्लीत दिवे लागले. नगरपालिकेनं इतकी वर्षं बंद असलेले तर बदललेच, वर दोन नवे खांब उभे केले. शेजारी एकमेकांच्या दारांच्या कड्या तपासू लागले. संध्याकाळी पाळीपाळीनं दोघं गल्लीच्या तोंडाशी बसत, आणि नर्सबाईंची बस आली की त्यांतला एक थांब्यापर्यंत जाऊन त्यांना घरी सोडत असे.

"अहो," बायको एकदा म्हणाली, "आता मागे वळून बघावंच लागत नाही. मागे शिट्टी घेऊन औषधवालेच असतात."

मेजरांना वाटलं, आता निवांत मनानं सीमेवर जायला हरकत नाही. निघायला थोडेच दिवस उरले होते, आणि त्यांना निरोप द्यायला म्हणून सासरेबुवा यायला निघाले. कळवून येणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

वय बहात्तर. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून काळा चष्मा. गारठा होता, म्हणून कोट. कोट त्यांच्याकडे एकच होता.

ते औषधांच्या दुकानापाशी थांबले आणि त्यांनी आपुलकीनं विचारलं, "ती नर्सबाई आत्ता घरात एकटीच असेल का हो?"

पहिली शिट्टी औषधवाल्यांनी वाजवली. मग अख्ख्या गल्लीनं वाजवली. मेजर जिन्यावरून धावत खाली येईपर्यंत सासरेबुवांना मास्तरीणबाईंच्या ओट्यावर आणून बसवलं होतं, आणि कुत्रा त्यांच्या बुटाशी बसून जबाबदारीनं गुरगुरत होता.

"सापडला!" औषधवाले ओरडले. "हाच! तपकिरी कोट, काळा चष्मा, वय पन्नास!"

इतका वेळ हातपाय झाडणारे सासरेबुवा एकदम शांत झाले.

"किती म्हणालात?"

"पन्नास."

"नजर चांगली आहे हो तुमची," सासरेबुवा म्हणाले आणि कॉलर नीट करून ऐसपैस बसले. "विचारा, काय विचारायचं ते."

"बाबा!" वरून बायको धावत आली. "अहो, हे माझे वडील आहेत!"

"पण कोट?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"कोट माझाच आहे," सासरेबुवा अभिमानानं म्हणाले. "मध्ये जावईबापूंना दिला होता. हाच अंगात घालून ते इथे घर शोधत हिंडत होते ना!"

सगळ्यांनी वळून मेजरांकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग पोटाकडे. शेवटी औषधवाले हळूच म्हणाले, "मेजर, जरा चार पावलं चालून दाखवता?"

मेजर चालले. चौथ्या पावलाची गरज पडली नाही.

"मी फक्त विचारत होतो," ते खाली मान घालून म्हणाले. "दिवे लागतात का, कड्या आहेत का, कुत्रा चावतो का. मी इथे नसणार. ह्या दोघीच असणार." मग म्हणाले, "सामान उद्या हलवतो."

बायको पुढे झाली. "बावळटपणा केला यांनी," ती म्हणाली, "पण माझ्या सांगण्यावरून केला. मीच म्हटलं होतं, नीट बघून घर आणा."

"सामान कोण हलवतंय?" मास्तरीणबाई कडाडल्या. इतकी वर्षं शाळेत शिकवूनही त्यांचा आवाज बसलेला नव्हता, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. "इतकी वर्षं मी दिव्यांसाठी चपला झिजवल्या, कुणी ढुंकून पाहिलं नाही. या मेल्यानं तीन संध्याकाळी फेऱ्या मारल्या आणि खांब उभे राहिले! आता चोर नव्हताच म्हणून जाहीर करा, म्हणजे नगरपालिकावाले दिवे घेऊन जातील आणि हे शिट्टीवाले आपापल्या घरात जाऊन पाय पसरतील. मग या पोरीला बसथांब्यावरून आणायला कोण, तुमचे सासरेबुवा?"

"मी तयार आहे," सासरेबुवा म्हणाले. त्यांचं वय आज बावीस वर्षांनी उतरलं होतं.

"तेव्हा चोर आहे," मास्तरीणबाईंनी निकाल दिला. "फरार आहे. फलक हलायचा नाही."

औषधवाल्यांनी अनुमोदन दिलं. मेजरांनी आभार मानायला तोंड उघडलं, पण बाहेर भलतंच आलं.

"फलक राहू द्या. पण त्यावर एकोणचाळीस लिहा."

"असं तोंडी नाही चालत," औषधवाले चिटणिसाच्या आवाजात म्हणाले. "अर्ज करा."

मेजरांनी रीतसर अर्ज केला आणि ते सीमेवर रवाना झाले. तिथून त्यांनी स्मरणपत्रंही पाठवली. घरून फोन येतो, तेव्हा बायको सांगते की चिमणीला शाळा आवडली आहे, दिवे चालू आहेत, आणि औषधवाल्यांची पाळी असली की ते बसच्या आधी येऊन उभे असतात. मेजर सगळं ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, "अर्जाचं काय झालं?" त्यावर तिकडे लाइन नेमकी खराब होते.

सद्यस्थिती अशी आहे. अर्ज समितीपुढे ठेवण्यात आला. नियमानुसार त्यावर हरकती मागवण्यात आल्या. मुदतीत एकच हरकत आली. हरकत घेणाऱ्या बाई या अर्जदाराच्या पत्नी असून, मूळ वर्णन बरोबर आहे, पोटाच्या बाबतीत तर ते सौम्यच आहे, असे त्यांचे लेखी म्हणणे आहे.

अर्ज प्रलंबित आहे.