प्रोफेसर हॉगन हाड मोडतात

नाही म्हणायला कारण द्यावं लागतं आणि हो म्हणायला लागत नाही, एवढ्या एका सोयीपोटी वेंडेल हॉगनने किराणा दुकानात, भाज्यांच्या फळीपाशी उभं राहून, मर्ना स्क्रॉगला हो म्हटलं. मर्ना ही गावची निवृत्त पोस्टमास्तर. (पोस्ट सुटलं, पण हुकूम सोडायची सवय सुटली नव्हती.) दर हिवाळ्यात ती लायब्ररीच्या हॉलमध्ये जुन्या काळच्या रेडिओवर व्हायचं तसं एक नाटक बसवायची. नट मायक्रोफोनसमोर कागद धरून वाचणार, पडद्यामागे एक माणूस पावलांचे, दारांचे, वादळाचे आवाज काढणार, आणि लोक खुर्च्यांत बसून नुसतं ऐकणार. आवाज काढणारा गृहस्थ यंदा खुबा बदलून घरी पडला होता.

"तुम्हाला फक्त वाचता आलं पाहिजे, प्रोफेसर," मर्ना म्हणाली. "दार वाजतं असं लिहिलंय तिथे दार वाजवायचं. झालं."

वेंडेलने आयोवातल्या एका कॉलेजात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं होतं. आपल्याला वाचता येतं का, यावरही त्याने क्षणभर प्रामाणिकपणे विचार केला.

पण हो म्हणण्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते घरी खिडकीपाशी बसलेलं होतं.

आर्डिसच्या डोळ्यांची मधली नजर गेली होती. कडेकडेचं दिसायचं, पण समोर उभ्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. तेव्हापासून ती घराबाहेर पडेनाशी झाली. चर्चला नाही, शेजारी नाही, बहिणीकडे नाही. "लोकांनी मला हाताला धरून कॉफीपर्यंत न्यायचं," ती म्हणायची, "आणि मी भलत्याच बाईला तिच्या नवऱ्याच्या मूळव्याधीबद्दल विचारायचं. नको रे बाबा."

तिला हसवायचा एकच इलाज उरला होता. संध्याकाळचं जेवण आटोपलं की दोघं जुन्या काळच्या रेडिओ-कार्यक्रमांची रेकॉर्डिंग लावत. लहानपणी शेतावरच्या घरात, गालिच्यावर भावंडांबरोबर पालथं पडून आर्डिसने तेच कार्यक्रम ऐकले होते. कधी बर्फात हरवलेला खुनी, कधी पोटमाळा साफ करायला जाऊन जिन्यावरून गडगडणारा नवरा. तो नवरा गडगडला की आर्डिस पोट धरून हसायची. बोलणारे ते नट कधीच मरून गेले होते. वेंडेल देवाधर्माच्या बाबतीत जरा साशंकच होता (त्याचा स्वतःच्या साशंकतेवरही पुरता विश्वास नव्हता), पण त्या मेलेल्या विनोदी नटांचे तो रोज मनातल्या मनात आभार मानायचा. इतकी वर्षं जमिनीखाली राहून दुसऱ्याच्या बायकोला हसवणं म्हणजे केवढे उपकार.

"तिथे नुसतं ऐकायचं असतं," त्याने त्या संध्याकाळी विषय काढला. "बरेच जण तर डोळेच मिटून घेतात. तुझ्यापेक्षा जास्त कोणाला दिसणार नाही."

"आणि तू काय करणार?"

"मी हाडं मोडणार. शिवाय बर्फावरून चालणार, आग लावणार."

आर्डिसने कॉफीचा कप खाली ठेवला. "मग येते. हे मला चुकवता येणार नाही."

वेंडेलला त्या रात्री झोप आली नाही. ती येणार म्हणाली होती. ही एक संध्याकाळ नीट पार पडली तर ती पुन्हा माणसांत येईल. आणि फजिती झाली तर? स्वतःची फजिती आधीच होते आहे असं तिला वाटत होतं, त्यात आता नवऱ्याची. मग ती खिडकीपाशी बसेल ती कायमचीच.

तालमी स्वयंपाकघरात सुरू झाल्या. आर्डिस टेबलाशी डोळे मिटून बसायची आणि वेंडेल परीक्षा द्यायचा. पहिल्याच दिवशी त्याने नळ सोडला.

"हे काय?"

"पाऊस."

"हा नळ आहे, वेंडेल."

"खरं पाणी आहे. पाऊसही पाण्याचाच असतो."

"असेल. पण ऐकू नळ येतोय. तव्यावर बेकन टाक."

बेकन तडतडलं, आणि स्वयंपाकघरात अगदी मुसळधार पाऊस कोसळू लागला. मग कळलं की चॉकलेटचा कागद चुरगळला की घर पेटतं, आणि कातडी पिशवीत कॉर्नफ्लॉवर भरून दाबलं की बर्फातून माणूस चालत येतो. सत्य म्हणजे काय यावर आयुष्यभर तास घेतलेल्या माणसाला हे सगळं अस्वस्थ करणारं होतं. सेलरीचा दांडा मोडला की हाड मोडल्याचा आवाज येतो, हे तर त्याला जवळजवळ अनैतिक वाटलं.

"हे हाड कोवळं आहे," आर्डिस म्हणायची. "बाळाचं आहे का? मोठ्या माणसाचं मोड."

आठवडाभर घरात सेलरी नसलेलं सूप, घट्ट न होणारी ग्रेव्ही आणि रोज सकाळ-संध्याकाळ बेकन असा बेत चालला. आर्डिसने कुरकुर केली नाही. कितीतरी दिवसांनी तिला कोणाच्या तरी चुका काढायला मिळत होत्या, आणि तिचा रंगच पालटला होता.

नाटकाच्या दिवशी हॉल भरला. आर्डिसला वेंडेलने पुढच्या रांगेत बसवलं, तिच्या मांडीवर तिचा कोट ठेवला आणि तो पडद्यामागे गेला. पडदा जाड मखमली. ("प्रेक्षकांना सेलरी दिसली की खून संपला," मर्नाचं मत.) पडद्यापुढे दोन नट. मर्ना झाली होती आडबाजूच्या घरातली एकटी विधवा, आणि जन्मभर ट्रॅक्टर विकून निवृत्त झालेला डुएन झाला होता गुप्तहेर. मागे वेंडेल, त्याचं टेबल, आणि टेबलावर त्याचा स्वतंत्र मायक्रोफोन. तालमींना मायक्रोफोन नव्हता. तो त्याच दिवशी आला होता. त्याच्या बुडाशी एक बटण आणि एक बारीकसा दिवा होता.

"आवाज काढताना चालू, एरवी बंद," मर्ना घाईत सांगून गेली. "आणि काहीही झालं तरी थांबायचं नाही. रेडिओवर थांबत नसतात."

वेंडेलने बटण दाबलं. दिवा लाल झाला. पुन्हा दाबलं. दिवा विझला. यातलं चालू कोणतं? दुसरा कोणी असता तर विचारून मोकळा झाला असता. वेंडेलने तर्क केला. लाल म्हणजे थांबा. हे चौकातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. म्हणजे लाल असताना मायक्रोफोन थांबलेला, आणि लाल नसताना चालू. तर्कात कुठेच खोट नव्हती. फक्त मायक्रोफोन तर्कशास्त्र शिकलेला नव्हता.

नाटक सुरू झालं.

"ऐका," विधवा म्हणाली. "बर्फातून कोणीतरी येतंय."

वेंडेलने दिवा विझवला, कॉर्नफ्लॉवरची पिशवी दाबली आणि दहा सुंदर पावलं टाकली. हॉलमध्ये स्मशानशांतता. मग समाधानाने त्याने दिवा लाल केला, आणि भिंतीवरच्या कर्ण्यांतून सगळ्या हॉलला एक थरथरता आवाज ऐकू आला: "चला, पोचलो एकदाचा. पानं कुठे गेली?"

हॉलमध्ये खसखस पिकली. कर्णे लोकांकडे तोंड करून होते आणि मधे मखमल होती, त्यामुळे वेंडेलला कर्ण्यातला स्वतःचा आवाज कळला नाही, फक्त हसणं ऐकू आलं. खुनाच्या नाटकात हसतात का? तो घाबरला. आणि घाबरला की तो स्वतःशी बोलायचा.

"दारावर कोण आहे ते बघतो," डुएन भारदस्त आवाजात म्हणाला.

दाराचा आवाज आला नाही. कर्ण्यांतून आलं ते हे: "अरे देवा, पान चिकटलंय. थुंकी लावू का? नको, कॉर्नफ्लॉवर लागलंय बोटांना."

डुएन जुना विक्रेता होता. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी विक्री थांबवायची नाही, हे त्याच्या हाडीमांशी खिळलं होतं. "कोण बोलतंय तिकडे?" त्याने दरडावून विचारलं.

हे वाक्य वेंडेलच्या कागदावर नव्हतं. त्याने भराभर सगळी पानं उलटली. "हे कुठून आलं? हे तर नाहीच इथे. डुएन चुकला. की मी दुसरंच नाटक आणलंय?"

"बाहेर या," डुएन म्हणाला. "नाहीतर गोळी घालीन."

"गोळी कितव्या पानावर आहे?" असा केविलवाणा प्रश्न कर्ण्यांतून आला, आणि मागच्या रांगेत कोणीतरी खुर्चीवरून घसरलं.

आता हॉल बेफाम हसत होता. वेंडेलने सेलरी हातात घेतली, पण गडबडीत ती मोडण्याऐवजी नुसतीच वाकली. तो ती छातीशी धरून बसला. दिवा लाल होता.

"संपलं," तो पुटपुटला. "आर्डिस उठून गेली असेल. इतक्या दिवसांनी बिचारी बाहेर आली होती. नजर गेल्यापासून कोणाकडे जात नाही ती. मी म्हटलं, चल, तिथे सगळे तुझ्यासारखेच बसतात. आता परत ती खिडकी सोडायची नाही, आणि ते माझ्यामुळे. मला नुसतं एक हाड मोडायचं होतं."

हसणं थांबलं. मर्नाने कागद खाली केला. रेडिओवर थांबत नसतात, पण सगळं थांबलं होतं.

मग पुढच्या रांगेतून आवाज आला. तो कर्ण्याचा नव्हता, शेतावर गुरं हाकारलेल्या गळ्याचा होता.

"वेंडेल, मी कुठे गेले नाहीये. इथेच बसलेय. तू आपलं ते हाड मोड."

वेंडेल दचकला. हिला कसं ऐकू गेलं?

"आणि तुझ्या मायक्रोफोनवर दिवा असेल, तो लाल आहे ना?" आर्डिस म्हणाली. "तुला वाटत असेल लाल म्हणजे बंद. तो चालू असतो. सबंध गाव मघापासून तुझंच नाटक ऐकतंय."

वेंडेलने दिव्याकडे पाहिलं. आपला तर्क त्याने एकदा पुन्हा तपासला. मग मायक्रोफोनजवळ सेलरी नेली, डोळे मिटले आणि मोडली.

हॉलमध्ये एका पैलवानाची मांडी मोडली. बायका किंचाळल्या. मग टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांच्या वर आर्डिसचा आवाज: "हां. हे मोठ्या माणसाचं."

त्यानंतर वादळ झालं, आग लागली, खुनी पकडला गेला, आणि वेंडेलचं एकही दार चुकलं नाही. पण नाटकानंतरची कॉफी संपेना. आर्डिसभोवती बायकांचं कोंडाळं होतं. कोणी तिला हाताला धरून टेबलापर्यंत नेलं नव्हतं, टेबलच तिच्याकडे आलं होतं. ती घरचं बेकनपुराण सांगत होती आणि आवाजावरून एकेकीला ओळखत होती. एकीला तिने भलत्याच नावाने हाक मारली, तर ती बाई इतकी हसली की आर्डिसही हसली. वेंडेल दोघांचे कोट हातावर घेऊन खांबापाशी उभा होता. पाय दुखत होते. पण चल म्हणायचा त्याला धीर झाला नाही, आणि खरं तर तशी इच्छाही नव्हती. आभार कोणाचे मानायचे हे त्याचं ठरत नव्हतं, म्हणून त्याने सगळ्यांचेच मानले. मर्नाचे, डुएनचे, बेकनचेसुद्धा.

मर्नाला मात्र तो घाबरा म्हातारा फारच आवडला होता. पुढच्या नाटकात तिने तसं एक पात्रच घातलं आणि निवड चाचणी ठेवली. वशिला नको म्हणून उमेदवारांनी पडद्यामागून वाचायचं होतं, नाव न सांगता. निवड करायला गावातला सगळ्यात तिखट कान बोलावला होता, म्हणजे आर्डिसचा. ती आता दर मंगळवारी तालमींना यायची.

वेंडेलने तिला न सांगता गॅरेजमध्ये जोरदार सराव केला. शब्दोच्चार घासले, आवाज खर्जात नेला. भूमिका त्याचीच होती. ती मिळण्यात तर्कदृष्ट्या काहीच अडचण नव्हती.

भूमिका डुएनला मिळाली.

"डुएन छानच घाबरला," घरी जाताना गाडीत आर्डिस खुशीत म्हणाली. "पण तो तिसरा कोण होता रे? ऐकवत नव्हता. त्या माणसाने जन्मात कधी कशाची काळजी केलेली दिसत नाही."

"बाहेरगावचा असेल कोणी," वेंडेल म्हणाला, आणि त्याने गाडी सावकाश घराकडे वळवली.