दहा हजार पापडांची अतिशयोक्ती

पन्नाशी उलटल्यावर माणसानं शुगर तपासावी, गुडघ्यांना तेल लावावं, जमलं तर देवदर्शन करावं. इंग्रजीतले अलंकार शिकायच्या भानगडीत पडू नये. मी पडलो. त्यातून अब्रूनिशी बाहेर आलो ते माझी बायको, माझी सासू आणि धरमतरचं ऊन यांच्या कृपेनं, हे आधीच सांगून टाकतो.

त्याचं झालं असं. मी राहतो पेणला आणि रोह्याला एका केमिकल कंपनीत डिस्पॅच क्लार्क आहे. आमच्याकडे कुरियनसाहेब म्हणून नवे मॅनेजर आले, केरळचे. माणूस सोन्यासारखा, पण मराठी शून्य आणि इंग्रजी सगळं आडवळणाचं. पहिल्याच आठवड्यात एका अडकलेल्या मालावरून ते मला म्हणाले, "नाऊ द बॉल इज इन युवर कोर्ट." मी विचारलं, "सर, कोर्ट पेणचं की अलिबागचं?" (वकिलालाही फोन लावला होता, पण ते असो.) आमचा शिपाई जगन अजून मला तारीख कधीची पडली म्हणून विचारतो.

त्याच दिवशी ठरवलं, आता शिकायचंच. मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं. सकाळी पेणला मेमू गाडीत बसलो की नागोठण्यापर्यंत उपमा, निडीपर्यंत रूपक आणि रोहा येईस्तोवर अतिशयोक्ती. अतिशयोक्ती माझी फार लाडकी. इंग्रजी बोलणारा माणूस भुकेनं घोडा खाईन म्हणाला तर घोडा शोधायचा नसतो, हसून मान डोलवायची असते. आणि खरा रसिक असेल त्यानं तर वर दोन घोडे आणखी वाढायचे असतात. (हे अ‍ॅपमध्ये नव्हतं. ही माझी स्वतःची भर.)

मेच्या सुरुवातीला एका रविवारी मी साहेबांना घरी जेवायला बोलावलं. आमची नूतन शेजारच्या चार बायकांना घेऊन बचतगटात पोह्याचे पापड करते. साहेब दारातून आत येतायेताच म्हणाले, "आय कॅन ईट अ हॉर्स." अतिशयोक्ती! मी ओळखली. पापड खाल्ल्यावर म्हणाले, "धिस इज गोल्ड." रूपक! तेही ओळखलं. परीक्षेत सगळे प्रश्न येताहेत म्हटल्यावर पोराला चढतं तसं मला चढलं.

मग हात धुताना साहेब म्हणाले की पुढच्या आठवड्यात कोट्टायमला मुलीचं लग्न आहे, प्रत्येक पाहुण्याला तुमच्या पापडांचं पाकीट द्यायचं आहे, शनिवारी टेंपो पाठवतो, पाच हजार पापड लागतील.

मी मिस्कील हसलो. पाच हजार! काय सुंदर अतिशयोक्ती! आणि खऱ्या रसिकासारखा म्हणालो, "सर, व्हाय फाइव्ह? टेक टेन थाउजंड!"

साहेबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, इंग्रजी आता माझ्या मुठीत आलं.

नूतन तेव्हा आत पानं आवरत होती. मंगळवारी रात्रीच्या जेवणाला मी तिला हा प्रसंग गंमत म्हणून सांगितला. ती भात कालवता कालवता थांबली. तिनं एवढंच विचारलं, "अहो, त्यांनी वार सांगितला का?"

"शनिवार म्हणाले. टेंपो पाठवतो म्हणाले. पण नूतन, तुला कळायचं नाही, ही अतिशयोक्ती..."

"वार सांगून कोण थापा मारतो? आमच्या गावात 'या कधी घरी' म्हणणारा कोणाला बोलवत नाय. 'रविवारी या, जिताड्याचं कालवण हाय' म्हणणारा बोलावतो. फोन लावा."

फोन लावला. साहेब आनंदात होते. पलीकडून मुलीची आई, मुलगी, सगळ्यांनी थँक्यू म्हटलं. तुम्ही दहा हजार म्हणालात म्हणून पाकीट मोठं केलं, पिशव्यांवर नूतन मॅडमच्या गटाचं नाव छापून घेतलं आणि कोट्टायमच्या मिठाईवाल्याची ऑर्डर रद्द केली, असं साहेबांनी सांगितलं. मी फोन ठेवला आणि उठून पापडांचे डबे मोजले.

घरात पापड होते सहाशे. हातात दिवस तीन. मुलीच्या लग्नात बापाची मान खाली गेली असती, आणि नूतनच्या गटाची पहिली मोठी ऑर्डर नवऱ्याच्या अलंकारांत बुडाली असती. दोन वर्षं दारोदार पाकिटं विकून तिनं ते नाव उभं केलं होतं. ती मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं हात धुतले आणि माहेरी फोन लावला.

बुधवारी उजाडता उजाडता माझी सासू काशीबाई धरमतरकडून टमटम भरून बायका घेऊन आली. प्रत्येकीच्या काखेत स्वतःचं पोळपाट-लाटणं. आमच्याकडची ही रीतच आहे, आज तुझ्या दारात, उद्या माझ्या. कोणी कोणाला मजुरी विचारत नाही, बोलावल्यावर नाही येणं हेच पाप. उतरल्या उतरल्या सासूबाईंनी हुकूम सोडला, "पुतळे, तू पीठ कूट गो. इंदे, तू लाट्या कर. वाळवाची चिंता नको, मिठागराच्या बांधावर ऊन फुकट हाय."

मग माझ्याकडे वळल्या. "जावयबापू, तुमी काय काम करता कंपनीत?"

"डिस्पॅच," मी म्हणालो.

"म्हणजे येत काय नाय. ही घ्या काठी. कावळे हाकला."

तीन दिवस रजा टाकून मी बायकांबरोबर धरमतरला मिठागराच्या बांधावर कावळे हाकलले. मागे खाडी, पुढे जुन्या लुगड्यांवर मैलभर पांढरे पापड. (मैलभर ही अतिशयोक्ती. सवय सुटत नाही.) दुपारी पुतळीबाईंनी आपल्या डब्यातली भाकरी आणि सुकट माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "खा भाऊ, कावळ्यांनी दमवला असंल." एकीनंही मला तोंडावर हसून दाखवलं नाही. (पाठीमागे काय हसल्या असतील ते त्या खाडीला ठाऊक.) ज्यांना मी कधी चहाही पाजला नव्हता, त्या माझ्या चुकीपायी उन्हात वाकल्या होत्या. मी काठी खाली ठेवून सगळ्यांना हात जोडले. तेवढ्यात एका कावळ्यानं चार पापड नेले आणि सासूबाईंनी माझा उद्धार केला.

शनिवारी टेंपो आला आणि दहा हजार पापड मोजून गेले. वर सासूबाईंनी चारशे जास्तीचे दिले, पोरगी सासरी चालली म्हणून.

लग्न थाटात झालं. साहेब परत आले ते फणसाच्या चिप्सचा डबा आणि तीन लग्नांच्या ऑर्डरी घेऊन. नूतनचे आणि सासूबाईंचे वाकून आभार मानले. निघताना हसत हसत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "युवर मिसेस इज द कंपनी. यू आर ओन्ली डिस्पॅच."

ते गेल्यावर मी बराच वेळ विचार केला. मग नूतनला अर्थ सांगून म्हणालो, "रूपक असावं. की अतिशयोक्ती गं?"

नूतन पाकिटं बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

"यात अलंकार कुठं हाय? सरळ वाक्य हाय," ती म्हणाली. "ही वीस पाकिटं बाजारात पोचवून या."

मी पिशवी उचलली आणि निघालो.