आवक क्रमांक मिळालेले रक्त

मानवी शरीर हे एक कार्यालय असून अस्थिमज्जा हा त्यातील उत्पादन विभाग होय. रक्त तेथे तयार होते. ते होईनासे झाले की दोन रोगांचा संशय येतो. पहिल्यात विभाग ओस पडलेला असतो; खुर्च्या आहेत, माणसे नाहीत. दुसऱ्यात माणसे हजर असतात, परंतु त्यांच्या हातून धड काही निघत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात (हे कोणत्याही कार्यालयाबाबत खरे आहे). एकाचे औषध दुसऱ्यास चालत नाही.

यावर विज्ञानाने काढलेली युक्ती थोर आहे. माल कमी पडला की शरीर मज्जेकडे एका द्रव्याच्या रूपाने मागणीपत्रे धाडते. घेणारा कोणी नसला की ती रक्तात साचतात: पहिला रोग. घेणारे असले की पत्रे उचलली जातात, माल मात्र येत नाही: दुसरा. सबब, रक्तातील पत्रे मोजावीत. मोजण्याचे यंत्र आमच्या प्रयोगशाळेत आहे, आणि तिच्या आवक खिडकीवर मी आहे.

माझ्या भाऊजींच्या रक्ताची नळी गेल्या महिन्याच्या तीन तारखेस माझ्याच हस्ते दाखल झाली. तेव्हा ते जिना चढताना दोनदा टेकत. आता जिन्याचा विषयच काढत नाहीत. अहवालाखेरीज डॉक्टरांना औषध ठरवता येईना. ताईने सात स्मरणपत्रे दिली. सातही मी घेतली, शिक्का मारला, क्रमांक टाकला, फाइलीस लावली. आमच्या ट्रेमध्ये संध्याकाळी एकही कागद उरत नाही (सलग अकरा वर्षे, प्रशस्तिपत्रक भिंतीवर आहे).

एकविसाव्या दिवशी ताई खिडकीशी आली.

"तू इथेच बसतोस ना रे? मग माझी पत्रं जातात कुठे?"

"कुठे जात नाहीत, ताई. सगळी मिळाली. हा शिक्का बघ."

"शिक्का नको. उत्तर दे."

शिक्का हेच उत्तर असते, हे मी तिला समजावून सांगितले.

"लहानपणीही असाच होतास," ती म्हणाली. "पाणी आण म्हटलं की हो म्हणायचास, आणि बसून राहायचास."

तिच्या समाधानार्थ मी चौकशी केली. नऊच्या नऊ कर्मचारी हजर होते. नळी फ्रीजमध्ये सुखरूप होती. यंत्रचालकाने ती मिळाल्याची पोच त्याच दिवशी दिली होती. नळी तपासावी, असे मात्र कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. आता नमुना शिळा झाला होता. नियमानुसार रुग्णाकडून ताजे रक्त मागवण्यात आले (ते नाही, म्हणूनच तो रुग्ण आहे).

भाऊजींनी हात पुढे केला. शीर चौथ्या प्रयत्नात सापडली. नळी आज दाखल झाली. क्रमांक मीच टाकला.

भाऊजींचा रोग कोणता, हे अद्याप कळलेले नाही. आमच्या कार्यालयाचा कळला आहे: ट्रे रिकामा, कर्मचारी हजर.

सुज्ञ वाचकहो, हे ताईचे आठवे स्मरणपत्र समजावे. आपण ते शेवटपर्यंत वाचलेत, 'अगदी खरे आहे' म्हणून मानही हलवलीत. म्हणजे आपण जागेवर आहात. आपल्यापुरती पहिल्या रोगाची शंका फिटली.