उघडताच मंजूर

चाकणच्या त्या कारखान्यात उद्धवरावसाहेबांनी आजवर कुणाची रजा नाकारली नव्हती. दिलीही नव्हती. ते अर्ज उघडत, चष्मा पुसत, "बघतो" म्हणत आणि अर्ज बंद करत. तेवढ्यावर माणसं बारशी पुढे ढकलत. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या वरदचा साखरपुडाही या 'बघतो'पायी दोनदा पुढे गेला होता. आता आळंदीतला हॉल गुरुवारचा ठरला होता आणि साधनाने स्पष्ट सांगितलं होतं, "या वेळी आला नाहीस तर विषय संपला."

सोमवारी वरदने रजेचं नवं वेबपेज सुरू करून दिलं. उद्धवराव खूश! हौसेने सगळ्या वेल्डरांचे अर्ज एकामागून एक उघडून पाहिले आणि नेहमीप्रमाणे बंद केले. वरदचा अर्ज तेवढा पाहायचा राहिला.

मंगळवारी वेल्डिंगच्या लाइनवर चिटपाखरू नव्हतं. उद्धवरावांनी तणतणत खंडू वेल्डरला फोन लावला.

"खंडू, आहेस कुठे?"

"गावाला हाय जी. लई उपकार झाले साहेब! मंजुरीचा मेसेज आला, तुमच्या नावानिशी. बायकोचा इस्वासच बसंना."

"परत ये आधी!"

"न्हाई जी. आता परतलो तर ती घरात घ्यायची न्हाई."

वरदला बोलावणं आलं. त्याने सेटिंग उघडलं आणि कपाळावर हात मारला. जावा या संगणकभाषेच्या ज्या तयार सांगाड्यावर, फ्रेमवर्कवर, ते वेबपेज उभं होतं, त्यात पानाच्या पत्त्याला जोडून काय करायचं ते लिहितात: दाखवा, मंजूर, नामंजूर. काहीच लिहिलं नाही, तर आधी ठरवून ठेवलेलं काम आपोआप होतं. अर्ज उघडायच्या पत्त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. चाचणी करताना सारखं 'मंजूर' दाबायचा कंटाळा आला, म्हणून वरदने तेच ठरवून ठेवलं होतं आणि नंतर बदलायला साफ विसरला होता.

"साहेब, चूक माझी आहे. अर्ज नुसता उघडला तरी रजा मंजूर होतेय."

"मग रद्द कर सगळ्या!"

"रद्दचं बटण नाही ना. तुम्हीच नको म्हणालात. दिलेला शब्द मी फिरवत नाही, म्हणालात."

उद्धवराव लालबुंद झाले. "काहीतरी सांगू नकोस. नुसतं उघडून कुठे रजा मिळते का? थांब, तुझाच अर्ज उघडतो."

'नका उघडू' हे शब्द वरदच्या अगदी ओठांवर आले होते. पण साधनाचा चेहरा आठवला आणि त्याने ते मुकाट्याने गिळले.

उद्धवरावांनी क्लिक केलं. वरदचा मोबाइल खिशात वाजला. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत उमटलं: 'रजा मंजूर. गुरुवार ते शनिवार. आपला, उद्धवराव.'

उद्धवरावांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"वरद, बाळा, तू जाण्यापूर्वी हे दुरुस्त होईल ना?"

वरदने आपला चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने सावकाश पुसला आणि म्हणाला, "बघतो."