फाटकाआडची लाल गाडी

साहेब, हा नियम तुम्ही वाचलेला नाही. लिहिला असेल, खाली झोकात सही ठोकली असेल, पण वाचलेला नाही. वाचला असता तर एका सरळमार्गी दातांच्या डॉक्टरवर ही पाळी आली नसती.

डॉक्टरांचं मागणं मोठं नव्हतं. तीस वर्षं लोकांच्या तोंडात बघून झालं होतं. आता आठवड्यातून एक दिवस समोरचा रस्ता बघायचा होता. तोही जुन्या, बुटक्या, दोघांपुरत्या स्पोर्ट्स गाडीतून. मिस्त्रीच्या गॅरेजात तशा दोन उभ्या होत्या, एक हिरवी, एक लाल. डॉक्टर चार रविवार तिथे खेटे घालत होते. बॉनेट उघडून बघ, सीटखाली टॉर्च मारून बघ, स्टिअरिंगचा वासच घे.

"हिरवीचा आवाज कसा खर्जातला आहे, नाही?"

"सायलेन्सर फुटलाय तिचा," मिस्त्री म्हणाला. "लाल घ्या. छप्पर उघडतं."

"आणि बंद होतं?"

"ते अजून बघितलं नाही."

पाचव्या रविवारी बायको बरोबर आली. "ज्यातून मला माझी मी उतरता येईल ती घ्या," एवढीच तिची अट. ती हिरवीत बसली. बसली कसली, विहिरीत उतरावं तशी खाली गेली, आणि वर येईना. डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात धरले, एक पाय चाकाला लावला आणि सवयीने म्हणाले, "अगदी थोडं दुखेल हं."

"अहो, मी दाढ आहे का!"

मिस्त्रीने मागून सीट रेटली तेव्हा कुठे ती सुटली. लाल गाडी पक्की झाली. निदान वरून तरी काढता येईल.

मग परवाना आला. त्यावर लिहिलं होतं : जुनी गाडी, फक्त शनिवार-रविवार चालवावी. खाली लिहिलं होतं : चालवण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. तपासणी कार्यालय सोमवार ते शुक्रवार उघडं.

डॉक्टर दोन दिवस तो कागद उलटासुलटा करत बसले. शेवटी बायकोनेच विचारलं, "इंजिन बंद ठेवून ढकलली, तर ते चालवणं होतं का हो?"

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "वहिनी, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

गुरुवारी दवाखाना बंद ठेवून वरात निघाली. स्टिअरिंगवर बायको, मागे डॉक्टर आणि मिस्त्री.

"अगं, डावीकडे घे!"

"घेतेय की! तुम्ही ढकला, बोलू नका!"

कार्यालयाच्या आवारात तपासणी अधिकाऱ्याने गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या. "वा! चालवून दाखवा."

"आज गुरुवार आहे," डॉक्टर धापा टाकत म्हणाले.

अधिकाऱ्याने परवाना वाचला. "खरंय. मग मीच चालवतो. आवारात मला कसली बंदी?" त्याने आवारात पाच फेऱ्या मारल्या. दर फेरीला "ब्रेक बघतोय!" असं ओरडायचा आणि ब्रेकला पाय म्हणून लावायचा नाही. उतरला तेव्हा केस उभे, चेहरा शाळा सुटल्यासारखा.

"पास!"

डॉक्टर हात चोळत ढकलायला मागे गेले.

"थांबा. पास झालेली गाडी ढकलत नेता येत नाही. चालू इंजिनावरच बाहेर जायला हवी. नियम अकरा."

"बरं, शनिवारी नेतो."

"शनिवारी फाटकाला कुलूप असतं."

"मग तुम्हीच बाहेर काढून द्या ना!"

"माझा अधिकार फाटकापर्यंत."

याला सात आठवडे झाले. अधिकारी रोज जेवण झालं की गाडीचे ब्रेक तपासतो. नोंदी चोख आहेत. दर रविवारी डॉक्टर आणि त्यांची बायको बसने तिथे जातात आणि फाटकाच्या गजांतून आत बघतात.

"धुतलेली दिसतेय," परवा बायको म्हणाली.

"सीटही पुढे घेतलीय," डॉक्टर म्हणाले. "त्याचे पाय आखूड आहेत."

तर साहेब, गाडी पास आहे, परवाना खरा आहे, गाडीचा मालक गजांच्या बाहेर उभा आहे. त्याने ती गाडी कोणत्या वारी बाहेर काढायची? समिती नेमू नका, खुलासा धाडू नका. वार सांगा.