बर्व्यांची गंजलेली मासे

आम्ही जर्मनीत बॉबलिंगेनला राहायला आलो त्या दिवशी वरच्या मजल्यावरचे बर्वे एका हातात पोह्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात मल्टिमीटर घेऊन खाली आले. डबा माझ्या बायकोकडे दिला आणि बसायच्या आधी घरातल्या एकूण एक सॉकेटमध्ये मीटरच्या पिना घालून आले. "दोनशे एकतीस," ते म्हणाले. "आल्झो, तर मग बसायला हरकत नाही." मग बसले. तोवर पोहे गार झाले होते, पण व्होल्टेज उत्तम होतं.

बर्वे मूळचे सांगलीचे. वय छप्पन्न, त्यातली वीस वर्षं जर्मनीत, मोटारींच्या वायरिंगमध्ये. त्यांच्यासमोर "मला वाटतं" हे दोन शब्द उच्चारायची सोय नाही. "वाटतं म्हणजे काय? मोजलंस का?" असं ते लगेच विचारतात. एकदा त्यांच्याचकडे जेवताना मी आमटी जरा खारट वाटते म्हणालो, तर हा माणूस त्यावरही तोच प्रश्न विचारून बसला. मेधाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, "मीठ मीटरने मोजत नाहीत, गप जेवा" म्हणून विषय संपवला. बर्व्यांना गप्प करू शकणारी ती एकमेव व्यक्ती.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे असं कळल्यावर बर्व्यांचा चेहरा उजळला. "टेस्टर? मग तू आपल्यातलाच की रे. शनिवारी ये." टेस्टर म्हणजे दिवसभर स्क्रीनकडे बघत बसणारा माणूस, हे सांगायला मला फुरसत मिळाली नाही. शनिवारी गेलो आणि त्यांच्या वोनमोबीलमध्ये अडकलो.

वोनमोबील म्हणजे चाकांवरचं घर. आत ओटा, फ्रिज, पलंग, एवढुंसं न्हाणीघर. बर्व्यांचं जवळपास तीस वर्षांचं होतं. नव्वदी गाठलेल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांकडून त्यांनी ते घेतलं आणि आमच्या इमारतीच्या मागे आणून लावलं. ते तिथून फारसं हललंच नाही. डावीकडचा इंडिकेटर लावला की मागचा पाण्याचा पंप उचक्या देई. ब्रेक दाबला की पलंगावरचा दिवा मंद होई. फ्रिज आपल्या मर्जीने चाले. दोन वेगळ्या मेकॅनिकांनी काही सुटे भाग बदलायचं सुचवलं, तेव्हा बर्वे त्यांच्यावर घसरले. "कारण कळल्याशिवाय बदलायचं म्हणजे काय? हा काय शर्ट आहे?"

मी आपलं माझ्या अनुभवातून विचारलं, "सगळं एकदा बंद करून परत चालू केलं का?" त्यावर बर्वे दोन आठवडे माझ्याशी तुटक बोलत होते.

काकूंनी वर्षभर वाट पाहिली आणि मग गाडीची कोठीची खोली करून टाकली. पलंगाखाली बासमतीची पोती, न्हाणीघरात कांदे. पाहुण्यांना त्या सांगत, "आमचे हे दर शनिवारी फिरायला जातात. पार्किंगपर्यंत."

बर्व्यांचा सगळा संशय 'मासे'वर होता. वायरिंगमधल्या अर्थिंगला जर्मनमध्ये मासे म्हणतात. गाडीत सगळ्या दिव्यांची, पंपांची एक वायर शेवटी गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, ती ही मासे. तो जोड गंजला की वीज वाट सापडेल तिथून परत जाते आणि इंडिकेटर लावला की पंप उचक्या देतो. हे मला आता झोपेतही सांगता येतं. तेव्हा येत नव्हतं आणि सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाईंना तर नव्हतंच नव्हतं. त्या पक्क्या शाकाहारी. एका सकाळी मी पोळ्या भाजत असताना बर्व्यांचा फोन आला, तो स्पीकरवर टाकला.

"अरे, सगळा घोळ मासेचाच आहे," बर्वे म्हणाले. "मागची मासे सडलेली असणार. आज काढू आणि ब्रशने घासून साफ करू. तुझ्याकडे हातमोजे आहेत ना?"

सासूबाईंनी लाटणं खाली ठेवलं. मी फोन बंद केल्यावर त्या म्हणाल्या, "जावईबापू, एवढं सडलंय तर साफ कशाला करायचं? फेकून द्या म्हणावं. आणि तुम्ही येताना अंघोळ करूनच घरात या." थोड्या वेळाने त्यांना आणखी एक गोष्ट खटकली. "आणि ती मासे काय म्हणतात? ते मासे. वीस वर्षं बाहेर राहिलं की भाषाही जाते बघा."

तर मासे कुठेतरी गंजलीय एवढं नक्की होतं. कुठे, ते सापडत नव्हतं. आणि इथे त्या पोस्टमास्तरांची वही येते.

गाडीबरोबर त्यांनी एक जाड वही दिली होती. तीस वर्षांत गाडीत केलेलं प्रत्येक काम त्यात आकृत्यांसकट लिहिलेलं. फक्त ते जुन्या वळणाच्या जर्मन लिपीत, आपल्या मोडीसारखं. आमच्या ऑफिसातल्या जर्मन लोकांना दाखवलं तर त्यांनीही हात टेकले. ही लिपी वाचू शकेल असं एकच माणूस बर्व्यांच्या माहितीत होतं. त्यांची मुलगी सई.

सई येनाच्या विद्यापीठात शिकते. आधी बर्व्यांच्या आग्रहाने इंजिनिअरिंगला गेली होती. वर्षभराने ते सोडून तिने इतिहास घेतला, तेव्हा बर्वे तिला म्हणाले, "इतिहासाने दिवा लागतो का?" ती पुढच्या ट्रेनने येनाला गेली आणि त्यानंतर घरी आली नाही. आईशी रोज बोलायची, बापाशी नाही. आता दिवाच नीट लागत नव्हता आणि जुनी लिपी वाचायला ती त्या इतिहासाच्याच वर्गात शिकली होती. बर्व्यांनी मुकाट्याने तिला पहिल्या पानाचा फोटो पाठवला.

तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता फोन. एका रविवारी एकच पान. मी एकदा म्हटलं, सगळी वही एकदम पाठवा की. बर्वे म्हणाले, "एकदम पाठवली की निदान चुकतं." मी एक-दोनदा हजर होतो. सई जर्मनमध्ये वाचून दाखवी, बर्वे मराठीत शंका विचारत. वीस मिनिटांतली अठरा मिनिटं फ्यूज, रिले आणि वायरींचे रंग. शेवटी बर्वे विचारत, "जेवतेस ना वेळेवर?" ती "या" म्हणे. जर्मन 'या', म्हणजे हो. फोन बंद. पण तो ठेवल्यावर बर्वे दुपारपर्यंत शीळ घालत फिरत.

मला ते म्हणाले होते, गाडी तयार झाली की येनाला न्यायची, सईला घ्यायचं आणि थेट उत्तरेच्या समुद्रापर्यंत जायचं. मी म्हटलं, "काका, येनाला ट्रेन जाते. उद्याच जाऊन या." त्यांनी मीटरच्या वायरी गुंडाळल्या, सोडल्या, परत गुंडाळल्या. "नुसतं कसं जाऊ रे? काय म्हणून जाऊ?" मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. माफी मागायला जा, असं त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी माझ्या हातून दहा नंबरचा पाना निसटला आणि गाडीच्या पायरीमागे गेला. तो काढायला मी जमिनीवर आडवा झालो, तेव्हा पायरीच्या आतल्या अंगाला एक बोल्ट दिसला, हिरवट चुऱ्याने भरलेला. पाच-सहा काळ्या वायरी त्यालाच येऊन मिळत होत्या. मी पॉलिश पेपरने तो चकचकीत केला, वायरींची टोकं घासली, परत आवळलं. दहा मिनिटांचं काम. बर्व्यांनी डावा इंडिकेटर लावला. पंप शांत. ब्रेक दाबला. पलंगावरचा दिवा लख्ख.

मला वाटलं आता मिठी मारतील. त्यांनी मीटर लावला, एकदा, दोनदा, तीनदा. "रेझिस्टन्स शून्य," ते म्हणाले. "गेनाऊ, बरोब्बर. हीच होती." आणि पायरीवर बसले. एखाद्याची नोकरी गेल्यासारखा चेहरा.

"काका, झालं की काम."

"झालं ना," ते म्हणाले. "आता रविवारी तिला काय विचारू?"

मीच फोन उचलून त्यांच्या हातात दिला. "हेच सांगा. आत्ता." त्यांनी लावला. शनिवारी फोन आलेला बघून सई घाबरली, काय झालं म्हणून जर्मनमध्ये विचारायला लागली.

"काही नाही, काही नाही," बर्वे म्हणाले. "मासे सापडली. पायरीच्या मागे होती."

मग सई मराठीत बोलली. थांबत, शब्द शोधत. "बाबा, ते मला माहीत होतं. सातव्या पानावर आहे. त्या आजोबांनी लिहिलं, पायरीच्या मागे दर वर्षी साफ करा. ते मी वाचलं नाही. म्हणजे वाचलं, पण तुला नाही सांगितलं."

बापलेक आता चाळिसाव्या पानावर होते.

"का गं?" बर्व्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू परत फोन केला असता?"

दुसरा कुणी बाप असता तर 'असं कसं म्हणतेस' म्हणाला असता. बर्व्यांनी विचार केला आणि खरं ते सांगितलं. "नसता केला. हिंमत झाली नसती मला." मग ते म्हणाले, "मी तुला तेव्हा जे बोललो ते चूक होतं, सई. आल्झो, तू शिकतेस काय ते मी कधी विचारलंच नाही. आता सांग. सगळं सांग, मला वेळ आहे."

ती मराठीत सुरू झाली, दोन वाक्यांत जर्मनवर गेली, कुठल्याशा जुन्या गावाच्या जुन्या कागदांबद्दल भरभर सांगू लागली. बर्वे "या, या" करत ऐकत होते. मी हत्यारं आवरली. भर दुपारी पलंगावरचा दिवा उगाच जळत होता, तो बंद करायला मी हात पुढे केला, तर बर्व्यांनी फोन कानापासून न हलवता मानेनेच मला नको म्हटलं.