आधार देण्याबाबत

मार्चमधल्या एका दुपारी वावटळ आली आणि त्र्यंबकच्या पलीकडल्या एका पाड्यावरील शाळेचे सगळे पत्रे घेऊन गेली. ही घटना गंभीर होती, कारण ती मार्चअखेर घडली. मार्चअखेर कुणाचे काहीही उडून गेले तरी आम्हाला त्याची दखल पुढच्या आर्थिक वर्षातच घेता येते. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. संध्याबाई नावाच्या शिक्षिकेने मुलांना भिंतीच्या कडेला बसवले आणि वरून स्वतःचे अंग घातले. हे कोणत्या नियमात बसते, ते मी अजून शोधतो आहे.

मी शिक्षण विभागात विस्तार अधिकारी आहे. शिवाय 'कठीण काळ सहाय्य कक्षा'चा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आहे. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यावर कठीण काळ आला की त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहणे, हे या कक्षाचे काम. कक्षाला अजून खुर्ची मिळालेली नाही, त्यामुळे उभे राहायला तशी अडचण येत नाही.

आठवड्याभराने संध्याबाईंचे पत्र आले. मुले भेदरलेली आहेत, वारा सुटला की रडत पळतात, चौथीतली तेजल तर त्या दिवसापासून एक शब्द बोललेली नाही, वगैरे मजकूर होता. पुढचे वाक्य वाचून मात्र मला घाम फुटला. 'या मुलांना आधाराची नितांत गरज आहे.'

आमच्या तालुक्यात शंभर टक्के विद्यार्थ्यांकडे आधार आहे, असे कळवून आम्ही नुकतेच सन्मानचिन्ह घेतले होते. ते माझ्या मागच्या कपाटावर अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होते. आणि इकडे एक बाई चक्क लेखी कळवत होत्या की मुलांना आधार नाही! मी तातडीने फोन लावला.

“बाई, नेमक्या किती मुलांना आधार नाही?”

“सर, खरं सांगू का? तसा कुणालाच नाही.”

“कुणालाच?”

“आईबाप द्राक्षांच्या कामाला निफाडकडे गेलेत. घरी म्हातारी माणसं. मुलांनी बघायचं कुणाकडे?”

“मग इतके दिवस गप्प का बसलात?”

“कुणी विचारलंच नाही, सर. तुम्ही पहिले.” बाईंचा आवाज भरून आला. मलाही जरा गहिवरून आले. आमच्या खात्यात फोनवर रडणारी माणसे फार, पण माझ्यामुळे बरे वाटून रडणारी ही पहिलीच.

“काळजी करू नका. आधार देणारा माणूस उद्याच पाठवतो.”

“खरंच, सर?”

“मशीन घेऊनच येईल.”

“मशीन?” बाई म्हणाल्या, आणि रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ऑपरेटर मयुरेशला घेऊन पाड्यावर पोचलो. मयुरेशने गाडीतूनच शाळेकडे पाहिले आणि खाली उतरायला नकार दिला. “सर, मशीन उन्हात ठेवता येत नाही. वर छप्पर पाहिजे. सूचना आहेत.” त्याचे बरोबर होते. मशीन संवेदनशील असते. मी त्र्यंबकहून मांडववाला बोलावला. तासाभरात शाळेच्या पटांगणात मशीनवर झकास ताडपत्री चढली. मुले रांगेत, उन्हात उभी राहिली. मांडववाल्याने आणखी एक ताडपत्री आणली होती, पण दुसऱ्या ताडपत्रीला मंजुरी नव्हती.

तेव्हा कळले की सगळ्या मुलांकडे आधार कार्डे होतीच.

“सर, माझ्या पत्रातला आधार हा नव्हे हो,” संध्याबाई म्हणाल्या. “मला म्हणायचं होतं, मुलांशी कुणीतरी येऊन बोलावं, त्यांना धीर द्यावा. आणि पावसाच्या आत पत्रे टाकावेत.”

“बाई, शासकीय पत्रव्यवहारात एका शब्दाला दोन अर्थ नसतात. तसे असते तर आम्ही कामे कशी केली असती?”

पण आलेले मशीन रिकामे परत न्यायचे तर कारण लिहावे लागते. म्हणून सगळ्यांचे बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे नव्याने घ्यायचे ठरले. सर्व सुरळीत चालले होते. तेजलची पाळी आली, आणि नेमका वारा सुटला. ताडपत्री फडफडली. पोरगी दोन्ही डोळे गच्च मिटून टेबलाखाली शिरली ती बाहेर येईना. बाई तिच्याशेजारी मातीत बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. मयुरेश मशीनकडे पाहून म्हणाला, “पुन्हा प्रयत्न करा, असं येतंय.”

“डोळं उघड गं माझी बाय,” तेजलची आजी तानुबाई विनवत होती. मग ती माझ्याकडे वळली. “आरं बाबा, वारा सुटला का पोर अशीच करते. आधी वरती पत्रं टाका, मंग बघा डोळं उघडते का नाय.”

“आजी, पत्रे हा बांधकामाचा विषय आहे. आम्ही फक्त आधार देतो.”

तीन प्रयत्न झाले. चौथ्याला मशीनने स्वतःहून नकार दिला. तेजलच्या नावापुढे लाल अक्षरांत 'अवैध' असा शेरा उमटला. मांडववाल्याने ताडपत्री सोडली, मशीन गाडीत ठेवले आणि आम्ही निघालो. निघताना मी बाईंना सांगितले की आमचा कक्ष सदैव त्यांच्या पाठीशी आहे.

पुढचे सगळे संगणकानेच केले, त्यात माझा काही हात नाही. अवैध मूल पटावर धरत नाहीत. तेजल वजा होताच त्या शाळेचा पट दुसऱ्या शिक्षकाला लागतो त्याहून एकाने कमी झाला. दुसरे शिक्षकपद म्हणजे संध्याबाई. त्या अतिरिक्त ठरल्या आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे समायोजन झाले. आदेश घ्यायला त्या कार्यालयात आल्या आणि माझ्या टेबलासमोर ढसाढसा रडल्या.

“ती फक्त माझा हात धरून शाळेत येते, सर. मी गेले तर ती घराबाहेर पडणार नाही.”

शिक्षिका रडते आहे म्हणजे कर्मचाऱ्यावर कठीण काळ आला. आमच्या कक्षाच्या कामाचा उत्तरार्ध सुरू झाला. बाईंना नाशिकला 'तणावमुक्त शिक्षक' कार्यशाळेला सक्तीने पाठवले. वातानुकूलित सभागृहात तज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, “डोळे मिटा. तुम्ही तुमच्या लाडक्या वर्गात बसला आहात. आता हळूच वर बघा. काय दिसतंय?”

“आभाळ,” संध्याबाई म्हणाल्या.

“वा! किती मोकळं मन आहे तुमचं!” मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या. पुढे सामूहिक हास्याच्या सत्रात मात्र बाई हसल्या नाहीत. त्याबद्दल त्यांना खुलासा विचारण्यात आला आहे.

बाईंच्या निरोपाला मी मुद्दाम गेलो. नारळ मी माझ्या खिशातून घेतला. कक्षाच्या कामाचे चित्रीकरण करायचे म्हणून मोबाईल चालू ठेवला होता. बाई पिशवी उचलून निघाल्या, तेवढ्यात तेजल धावत आली, बाईंचा पदर दोन्ही हातांनी धरला, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द फुटले.

“बाई, नका जाऊ. नका ना जाऊ.”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आले, खोटे कशाला सांगू? मी तो व्हिडिओ तिथूनच 'मुकी झालेली मुलगी बोलली! कक्षाचे मोठे यश' या मथळ्याने टाकला. पाड्यावरून खाली उतरेपर्यंत तो नाशिकभर झाला, तासाभरात देवळालीपासून अमेरिकेपर्यंत पोचला. आमच्या मोठ्या साहेबांनीही तो पाहिला. साहेब मुळात हळवे आहेत. त्यांनी मला बोलावून घेतले.

“अहो, त्या पोरीला बाईंशिवाय दुसरा कुणाचाच आधार नसेल, तर थांबवा आदेश. तिथंच राहू द्या बाईंना. तपासून दोन ओळींचा अहवाल द्या.”

बाईंना मी बसस्टँडवरच थांबायला सांगितले आणि इमाने इतबारे तपास केला. व्हिडिओखाली हजारो माणसांनी अंगठे उठवले होते. कुणी हात जोडले होते, कुणी लिहिले होते, 'बाळा, आम्ही तुझ्यासोबत आहोत.' बाई पुढे थांबल्या का, असे एकानेही विचारले नव्हते. शाळेवर छप्पर का दिसत नाही, असेही नाही. एवढा मोठा पुरावा समोर असताना मी खोटा अहवाल कसा देणार? मी लिहिले, 'सदर विद्यार्थिनीस हजारो नागरिकांचा आधार प्राप्त झाला असल्याने शिक्षिकेची आवश्यकता राहिलेली नाही.'

बाई दुपारच्या एसटीने गेल्या. तेजल शाळेत येत नाही आणि बोलतही नाही, असे तानुबाईने कळवले आहे. पण आता ती आमच्या कक्षेत मोडत नाही.

त्या हजारोंत एक अंगठा तुमचाही आहे. तुम्हाला आठवणार नाही, कारण तो देऊन तुम्ही लगेच पुढचा व्हिडिओ लावलात.